माझ्या गळ्याशी बोलणारी हौसाक्का

हौसाक्काच्या मते जगात कुठलीच वस्तू बिघडत नसे. ती आळसावत असे. मिक्सर बंद पडला की त्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारून ती म्हणायची, "लय आराम झाला, चल आता कामाला लाग." आणि तो लागायचा, हीच तर पंचाईत होती. पाण्याची मोटर, शेगडीचा लायटर, गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेली रिक्षा, माझ्या नवऱ्याची गाडी, सगळ्यांना तिनं कधी ना कधी खडसावलेलं होतं. एकदा भर दुपारी वीज गेली तर ही बाई दारात उभी राहून खांबाला बोलत होती. "ऊन आमाला लागत न्हाई व्हय? तूच तेवढा दमलास?" थोड्या वेळानं वीज आली. मी हसायला लागले तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू चूक माझीच होती.

सांगलीत, कुपवाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची गल्ली. अक्काचं घर आणि आमचं घर एकमेकांना चिकटून. मधे एकच भिंत, आणि मागं एका बोळात दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. अक्का मूळची आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लहानपण सगळं मेंढरांमागं चालण्यात गेलं, लग्न होऊन सांगलीत आली, नवरा कुपवाडला एका कारखान्यात होता, तो गेला. लेक पुण्यात नोकरीला. म्हणजे म्हणायला ती एकटी राहायची, पण मी तिला एकटी असलेली कधी पाहिली नाही. कुणी नसलं तर ती कुकरशी बोलायची. समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, पण मनात ती कायम 'ती'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते.

मी साताऱ्याची. तोंडानं जरा फटकळ आहे असं आई म्हणते, सासरचे म्हणत नाहीत पण त्यांनाही तसंच वाटतं. लग्नानंतर महेशबरोबर सांगलीला आले. पहिल्या खेपेला मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात राहिलं नाही. त्यावर जास्त काही लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सगळ्या तपासण्या करायला लावल्या, आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "थायरॉईडची ग्रंथी जरा कमी काम करतेय. घाबरू नका, गोळी सुरू करू."

घाबरू नका असं डॉक्टर म्हणाले की माणूस घाबरतो, हे त्यांना शिकवत नाहीत बहुतेक. घरी येऊन मी मोबाईल उघडला. सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर चालते, असं तिथं लिहिलेलं. झालं. तिथून पुढं माझ्या डोक्यात दोनच प्रश्न. हे तरी राहील का, आणि राहिलं तर त्याचं डोकं नीट असेल का? महेश आपला एकच पाढा म्हणायचा, "गोळी घेतीस ना? मग होईल नीट." हा माणूस कारखान्यात मशीनचा जरा वेगळा आवाज आला तर जेवण सोडून पळतो, आणि माझ्याबाबतीत एवढा निवांत. मला त्याचा रागच यायचा.

भिंतीला कान लावल्यासारखी अक्का त्याच दिवशी आली. मी रडलेली तिला दिसलंच.

"थायरॉईड म्हंजी कुठशी असतं गं?"

मी गळ्याकडं बोट दाखवलं. तिनं पदराला हात पुसले, दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "गिळ." मी आवंढा गिळला. "आनि गिळ." मेंढीचा गळा असाच बघत असणार, मला शंका नाही.

"करतं काय ते हितं बसून?"

"अंगातलं सगळं तेच चालवतं म्हणे. माझं कमी काम करतंय."

"कमी काम करतंय," तिनं माझे शब्द परत म्हटले, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. मी इतकी वाईट बातमी दिली आणि ही बाई खूश. "म्हंजी बिघडलं न्हाई. आळशी हाय. मला वाटलं काय न् काय." मग ती खाली वाकली आणि माझ्या तोंडाकडं न बघता सरळ गळ्याला म्हणाली, "काय गं भवाने, पोटुशी बाईच्या गळ्यात बसून झोपा काढतीस व्हय? ऊठ."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते.

त्या दिवसापासून माझ्या ग्रंथीची जबाबदारी अक्काकडं गेली. ती बाईमाणूस आहे हे अक्कानंच ठरवलं. रोज पहाटे मी गोळी घेतली की बोळापलीकडच्या खिडकीतून आवाज यायचा, "उठली का ती सटवी?" मी म्हणायचे, "उठतीय, अक्का." "उठतीय न्हवं, उठली पायजे. लाज कशी वाटत न्हाई म्हनावं, आयतं खातीस." दूधवाल्याला वाटलं, हे सगळं मला चाललंय. तो माझ्याकडं इतक्या कळवळ्यानं बघायला लागला की महिनाभर दूध घट्ट मिळत होतं.

मग गल्लीतले गळे सुरू झाले. अक्काला नवीन काही कळलं की ते एकटीपाशी ठेवणं तिला जमायचं नाही. भाजीवालीचा गळा, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा गळा, देवळात भेटलेल्या अनोळखी बाईचा गळा. गॅसवाला खांद्यावर भरलेली टाकी घेऊन उभा, आणि अक्का त्याला म्हणतीय, "गिळ." तो बिचारा गिळतोय. "तुजी जागी हाय," तिनं निर्वाळा दिला तेव्हा कुठं त्यानं टाकी खाली ठेवली.

इथवर सगळं ठीक होतं. खरं रामायण चहावरून झालं.

गोळीचा नियम असा की पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं तासभर काही खायचं-प्यायचं नाही. चहा तर नाहीच. वाचायला सोपं आहे. पण आमच्याकडं सकाळी डोळे नीट उघडायच्या आधी चहा उकळत असतो. पाहुण्याला 'कसं काय' विचारायच्या आधी त्याच्या हातात कप असतो. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी चहा घेतो आणि मग भांडतो. आणि अक्काचा चहा म्हणजे आलं ठेचून, दूध जास्त, साखर विचारूच नका. त्याचा वास बोळातून थेट माझ्या नाकात. मी खिडकीशी बसून आवंढे गिळायचे. एकदा अक्कानं ते बघितलं.

"काय गिळतीस?"

"काही नाही हो. तुमच्या चहाच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं."

तिनं हातातली सांडशी खाली ठेवली. "आन् ते पानी पोटात जातंय?"

"जाणारच की."

"मग उपाशीपोट कुठलं ऱ्हायलं?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी वासाचं काही सांगितलेलं नाही. "डॉक्टरीनबाईच्या खिडकीसमोर माजा चहा उकळत न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरात पहाटे चहा झाला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की वास काय फक्त तिच्याच घरातून येत नाही. मग ती निघाली दारोदार. 'वैशीचं पोट उपाशी ऱ्हायलं पायजे', एवढंच माझ्याबद्दल सांगायची. अक्काला नाही म्हणणं गल्लीत कुणालाच जमायचं नाही, कारण प्रत्येकाच्या घरातलं काही ना काही तिनं एकदा तरी शिव्या देऊन सुरू केलेलं होतं. ठरलं. माझा तास संपेपर्यंत गल्लीत चहा नाही. तास संपला की अक्का दारात येऊन पळीनं ताट वाजवायची, आणि घराघरांतून गॅस पेटल्याचे आवाज यायचे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या खेपेनंतर मी दिवस गेल्याचं उंब्रजला सासूबाईंनासुद्धा लगेच सांगितलं नव्हतं, आणि इथं पेपरवाला विचारतोय, "वहिनी, गोळी झाली का?" महेशला गल्लीतले पुरुष रस्त्यात गाठून सांगायचे, "गड्या, वहिनींना जरा लवकर उठायला सांग की." महेश तर घरचा भेदी निघाला. दूध आणायच्या निमित्तानं चौकातल्या टपरीवर चहा मारून यायचा. अक्कानं त्याला दारातच अडवलं.

"महेशा, हा कर."

हा एवढा सुपरवायझर माणूस, त्यानं तोंड उघडून हा केला.

"आलं हाय ह्यात," अक्का म्हणाली. "बायकू उपाशी, आन् तू आलं घालून पितोस." त्यानंतर तो माझ्याबरोबर तासभर गप्प बसून राहायला लागला. काय सांगू, मला ते आवडायला लागलं. तोवर आम्ही दोघं सकाळी कधी असे बसलोच नव्हतो. त्याच वेळी एकदा तो म्हणाला की त्यालाही भीती वाटते, फक्त माझ्यासमोर बोलायची नाही असं त्यानं ठरवलेलं. मग माझा राग गेला.

आणि मग बिरूदादा आले.

बिरूदादा म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ. आटपाडीत राहतात, अजून थोडी मेंढरं आहेत, थोडी डाळिंबाची झाडं आहेत. बहिणीची शेजारीण पोटुशी आहे हे ऐकून ते रात्रीच्याच एसटीनं डाळिंबांचं पोतं घेऊन आले. सकाळी उजाडायच्या सुमारास अक्काच्या पायरीवर टेकले. नेमकी मी नुकतीच गोळी घेतलेली.

अक्कानं पाणी दिलं. ते प्यायले. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि वाट बघत बसले. अक्का परत बाहेर आली ती परत पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी तिच्याकडं बघितलं. दुसऱ्यांदा प्यायले. इकडंतिकडच्या गोष्टी झाल्या, पाऊसपाणी झालं, चहाचं नाव नाही. आता बहिणीच्या दारात भावाला चहा मिळाला नाही याचा अर्थ त्यांच्याकडं एकच, बहिणीच्या मनात काहीतरी आहे. खिडकीतून मला त्यांचं तोंड दिसत होतं. माणूस हळूहळू कसनुसा होत गेला. अक्का तिसऱ्यांदा तांब्या घेऊन आली तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"अक्के, कुनी सांगितलं तुला?"

अक्काला काही पत्ता नाही. पण समोरचा माणूस बोलायला लागला की आपण गप्प बसावं, एवढं तिला बरोबर कळायचं.

"लांडग्यानं न्यालं म्हनालो म्या. पर लांडगा न्हवता," बिरूदादा मान खाली घालून म्हणाले. "तुजं ते पांढऱ्या कपाळाचं बकरं. पावनं आलं हुतं गं घरला. ऐन वक्ताला दुसरं हाताशी न्हवतं. आमीच खाल्लं."

हे बकरं अक्कानं भावाच्या कळपात सांभाळायला ठेवलेलं, जीव होता तिचा त्याच्यावर. लांडग्यानं नेलं म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती, लांडग्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला आम्ही सगळ्यांनी ऐकलेला. अक्का तांब्या धरून नुसती उभी. तेवढ्यात घड्याळ बघून महेश आतून म्हणाला, "झाला तास."

अक्का आत गेली, पळी-ताट घेऊन आली आणि वाजवलं. त्या दिवशी तिनं ते जरा जास्तच वेळ वाजवलं. मग चहा केला. पहिला कप बोळातून मला दिला, दुसरा भावासमोर आदळला.

"पी," ती म्हणाली. "वैशीच्या गोळीपायी थांबला हुता चहा. मला कुनी कायबी सांगितलेलं न्हाई."

बिरूदादांचा हात कपाकडं जाता जाता थांबला. पुढं काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण गल्लीतल्या कुणाचाच चहा त्या दिवशी घरात झाला नाही. सगळे कप घेऊन बाहेर उभे होते.

पाचव्या महिन्यात रक्त परत तपासलं. अक्का बरोबर आलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीचा डोस वाढवू. मी तोंड उघडायच्या आधी अक्कानंच विचारलं, "आमचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही, आजी. बाळ वाढतं तशी गरज वाढते. बऱ्याच जणींना वाढवावा लागतो. आणि ते वासाचं मी ऐकलंय. वासानं काही होत नाही हं."

अक्कानं ते वाक्य कानाआड केलं. "तुमचा गळा बघू," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई भल्या. त्यांनी गळा दिला, गिळूनही दाखवलं. आणि म्हणाल्या, "तुमचंही रक्त बघून घेऊ एकदा. पाय सुजलेले दिसतात."

अक्काला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिलाय. तिला दम लागायचा, थंडी वाजायची, दुपारी डोळा लागायचा. म्हणजे तिचीही आळशी असणार, यात तिला काडीची शंका नव्हती. आता दोघी समोरासमोरच्या खिडकीत बसून गोळी घेऊ, असं ती गल्लीभर सांगून आली. रिपोर्ट आला. सगळं व्यवस्थित.

"व्यवस्थित म्हंजी?" अक्का म्हणाली. "मग मी दमते कशानं?"

"वय झालं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "तिला काय कळतंय?"

पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोळी घेतली आणि समोरच्या खिडकीतून आवाजच आला नाही. अक्का उभी होती, पण गप्प. मला चैन पडेना. मीच विचारलं, "अक्का, हिला आज उठवायचं नाही?"

"उठवून काय व्हतंय?" ती म्हणाली. "येवढी बोंबलले, तरी गोळी वाढलीच की. मिक्सरचं निराळं असतं." मग म्हणाली, "वैशे, मला भ्या वाटतंय गं. तुजं पयलं गेलं तवा मी भिंतीपल्याड हुते. तू रडायचीस ते ऐकू यायचं सगळं. मला काय करता आलं न्हाई. नुसती ऐकत बसले. आता ह्या खेपंला कायतरी कराय मिळालंय, म्हनून करतीया. त्यातलं खरं किती आन् खोटं किती, मला कुठं कळतंय?"

इतके दिवस मला वाटत होतं की माझी भीती माझ्या एकटीच्या उरात आहे. मी खिडकीचा गज धरून रडायला लागले. तर अक्का घाबरून म्हणाली, "रडू नगंस, रडू नगंस. पानी तोंडात जाईल. तास व्हायचाय अजून."

मी रडत रडत हसले आणि मला एकदम सुचलं. म्हटलं, "अक्का, तुमचं ऐकून ती कामाला लागलीय. राबणाऱ्याला खुराक जास्त लागतो. म्हणून गोळी वाढवली." शुद्ध थाप. अक्कानं ती खालीवर करून बघितली. तिच्या हिशेबात ती बसली असावी. "व्हय की," ती म्हणाली, आणि लगेच आवाज चढवला, "आता वाढवून दिलंय तुला, आता मातूर कुचराई करशील तर बघ." गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकायला सुरुवात केली आणि मला बरं वाटलं.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला साताऱ्याला जायचं ठरलं. रीतच आहे. अक्काला ही रीत पसंत नव्हती. "तितं कोन बघनार?" म्हणाली. मी म्हटलं, आई आहे. "आईचा काय भरवसा? आई म्हंजी चहा देनार." आणि खरंच, पहिल्याच सकाळी आई गोळीबरोबरच चहाचा कप घेऊन उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला. अक्कानं लेकाकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला होता. पडद्यावर तिचं फक्त कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"वैशे, जीभ वर कर. गेली का गोळी? आन् मागं कप कुनाच्या हातात दिसतोय?"

आईला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. ती शिक्षिका म्हणून निवृत्त झालीय. पहिले काही दिवस दोघींत रोज पहाटे चकमक झडायची, मधे मी. आई म्हणायची, "ही माझी मुलगी आहे." कपाळ म्हणायचं, "असू दे की. चहा तास झाल्यावर." बाबा गच्चीत जाऊन गुपचूप प्यायला लागले. पुढं पुढं मी गोळी घेऊन झोपले तरी त्या दोघी बोलत असायच्या. फोन माझा, गप्पा त्यांच्या. आई माझ्या गळ्याकडं बघून एकदा हळूच "ऊठ गं बाई" म्हणाली, तेव्हा मी डोळे मिटून पडून राहिले.

मुलगी झाली. अक्का संध्याकाळपर्यंत साताऱ्यात हजर. बरोबर बिरूदादा, त्यांच्या डोक्यावर परत डाळिंबं. डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. सगळ्याच बाळांचं घेतात, म्हणाले, त्यात थायरॉईडही कळतं, रिपोर्टला थोडे दिवस लागतील.

ते दिवस मला आठवले तरी अंगावर काटा येतो. मुलगी फार झोपायची. दूध प्यायची आणि झोपायची. नर्स म्हणायच्या, बाळं झोपतातच. मला तिच्या प्रत्येक झोपेची भीती वाटायची. मी तिच्या तळव्याला टिचक्या मारायचे, आई कानाशी वाटी वाजवायची. मी अक्काला म्हटलं, "अक्का, तुम्ही तरी काहीतरी बोला तिला. तुमचं ऐकतात सगळे." माझ्या मनात होतं, ही आता ओरडेल, काय गं भवाने म्हणेल, आणि पोर खडबडून जागी होईल.

अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं. मग इतक्या हळू आवाजात बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "झोप," ती म्हणाली. "तुला कोन कायबी म्हननार न्हाई. तू कशी बी असलीस तरी आमची हायस." आणि माझ्याकडं वर बघून म्हणाली, "टिचक्या मारू नगंस तिला परत."

रिपोर्ट चांगला आला. मुलीची थायरॉईड उत्तम. अक्कानं डॉक्टरांना दोनदा वाचायला लावला. नंतर ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभी होती, आणि वळली ती डॉक्टरांवर घसरली, "येवढंच सांगायला येवढं दिस लावलंत व्हय?"

आम्ही सांगलीला परत आलो. मुलीचं नाव ठेवलं जुई, आणि ती मोठी होत गेली. मोठी म्हणजे कशी? ती बोलायला लागली आणि थांबलीच नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला ती काही ना काही सुनावते. अक्का मात्र खऱ्याच दमायला लागली होती. जिना चढवेना, खिडकीत उभं राहवेना. लेक पुण्याला चल म्हणत होता, पण तिनं आटपाडी धरली. बिरूशी भांडत राहीन म्हणाली, करमेल. पुढच्या थंडीत तिथंच गेली, झोपेत. मला फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. मी सगळं सोडून खाली बसले आणि पोटभर रडले, आणि अजूनही पहाटे समोरची बंद खिडकी बघवत नाही मला.

पण अक्का म्हटलं की मला आठवतं ते सांगलीचं एसटी स्टँड. आटपाडीची गाडी लागलेली. अक्का खिडकीशी बसलेली, आणि खाली उभ्या असलेल्या जुईला तिच्या सूचना चाललेल्या. दूध टाकू नगंस. कुत्र्याच्या शेपटीला हात लावू नगंस. आईचा हात सोडून रस्त्यावर पळू नगंस. चप्पल उलटी घालू नगंस. सगळी गाडी ऐकत होती. जुई चार वर्षांची. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवले.

"आज्जे, तू लय बोलतीस. मला सगळं कळतंय. आता गप बस आन् तिकीट काढ."

मला लाज वाटली. "जुई, मोठ्यांना असं बोलतात का?" मी तिचा दंड धरला.

"सोड तिला," अक्का वरनं म्हणाली. "बोलू दे." तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू. ती मागच्या सीटवरच्या माणसाकडं वळली, मग पलीकडच्या बाईंकडं, मग कंडक्टरकडं. "ऐकलं का? चार वर्साची हाय. मला म्हनती गप बस. हिचं डोकं चालंल का न्हाई, ह्या काळजीनं आमी मेलो हुतो." आणि परत खिडकीतून वाकून, "परत म्हन गं, बाय माजी. काय म्हनलीस?"

जुई परत म्हणाली, आणखी मोठ्यानं. गाडी हलली. अक्का पदरानं डोळे पुसत खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, "आनकी एकदा," आणि माझी लेक एसटीच्या धुळीत माझ्या हाताला हिसडे देत तिला गप बस, गप बस म्हणत होती.